तिसाव्या दिवसाची मिस्सा आणि तहसीलची मुदत

२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, मराठवाड्यातल्या कॅथलिक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, कबरी झाडल्या जातात, चुना लागतो, झेंडूचे हार आणि मेणबत्त्या येतात, फादर पवित्र पाणी शिंपडतात आणि वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जातात. सहा-सात आठवड्यांनी, नाताळच्या तोंडावर, चर्चच्या आवारात ब्लँकेटवाटप होतं. पहिल्या कार्यक्रमाला मृतांची यादी लागते, दुसऱ्याला गरजूंची. दोन्ही याद्या बहुतेक ठिकाणी त्याच बंधुमंडळाची माणसं करतात. कुठे ती संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची कॉन्फरन्स, म्हणजे स्थानिक शाखा, असते, कुठे धर्मग्रामाचं साधं पुरुष मंडळ. पण या दोन याद्या शेजारी ठेवून कोणी वाचत नाही. आमचं म्हणणं असं, की त्या एकाच वहीत आल्या पाहिजेत. ज्या घरातलं नाव नोव्हेंबरात वाचायचं, त्या घरातल्या बाईचा मृत्यू दाखला, वारसनोंद आणि विम्याचा दावा मार्गी लावणं ही मंडळाची पहिली सेवा. ब्लँकेटचा नंबर त्यानंतर.

यात आम्ही काही नवीन सांगत नाही. कॅथलिक बंधुमंडळांचा जन्मच मुळी मयताच्या आणि उपाशी घरांच्या उंबरठ्यावर झालेला आहे. २३ एप्रिल १८३३ला पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याचे सोबती एकत्र आले आणि ही विन्सेंट सोसायटी सुरू झाली, तेव्हा ओझानामला नुकतं विसावं वर्ष पूर्ण झालं होतं. आदल्याच वर्षी त्या शहरात पटकीची साथ येऊन गेली होती. कोणत्या घरी जायचं हे या पोरांना ठाऊक नव्हतं. गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सिस्टर रोझली रेंदू यांनी त्यांना घरं दाखवली. तेव्हापासूनची त्यांची रीत आजही तीच आहे: जोडीनं घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, आणि तिथं पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. बैठकीत पिशवी फिरते, प्रत्येक जण मूठ आत घालतो, कोणी किती टाकले ते शेजाऱ्यालाही कळत नाही. १८६३पासून ही सोसायटी भारतात आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. न्यू हेवनमध्ये फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी १८८२ साली नाइट्स ऑफ कोलंबस ही संघटना उभी केली. त्यांचे स्वतःचे वडील १८७३ साली गेले, तेव्हा घर सावरायला त्यांना शिक्षण सोडून परतावं लागलं होतं. कमावता माणूस गेला की विधवा आणि लेकरं रस्त्यावर येतात, हे त्यांनी आपल्या धर्मग्रामातही रोज पाहिलं. म्हणून त्यांनी प्रार्थनेच्या जोडीला विम्याची सोय उभी केली आणि सभासद गेला की घराला ठरलेली रक्कम मिळू लागली. पुढे या संघटनेला तलवारी, टोप्या आणि संचलनं चिकटली. छायाचित्रांत तीच दिसतात. पण तिचा पाया विधवेच्या हातात पडणाऱ्या रकमेचा होता. मॅकगिव्हनी १८९०मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले. २०२०मध्ये चर्चनं त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केलं.

आता हे मराठवाड्याच्या मातीत आणून पाहू. इथला कॅथलिक समाज संख्येनं लहान आहे. वैजापूर-गंगापूर भागातल्या घोगरगाव, बोरसर अशा जुन्या मिशन ठाण्यांपासून तो पसरत गेला. अमरावतीपासून वेगळा होऊन औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली झाला. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर असलं तरी धर्मप्रांताचं नाव तेच आहे. या समाजातली बहुतेक कुटुंबं दलित जातींतून आलेली आहेत. शेतमजुरी, ऊसतोड, गवंडीकाम, वीटभट्टी, वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीतली कंत्राटी नोकरी हा त्यांचा पोटापाण्याचा आधार. अशा घरात मयत झाली की सरकारी दरवाजे अनेक असतात, पण प्रत्येक दरवाजाला मुदत असते. आणि घर दुःखात असतं ते नेमकं त्याच मुदतीत.

मंडळाची माणसं सर्वांत आधी पोहोचतात. पेटी त्यांची, दोरखंड त्यांचे, खड्डा खणणारे तेच. काळ्या रानात पावसाळ्यात खड्ड्याच्या कडा ढासळतात, उन्हाळ्यात पहार आणि टिकावाशिवाय माती हलत नाही, म्हणून चार-सहा तरणी माणसं लागतात आणि ती याच मंडळातून येतात. याचा अर्थ असा, की पुरायच्या आधी ‘थांबा’ म्हणू शकेल असा जवळचा माणूसही तोच असतो. साप चावून, वीज पडून, विजेचा धक्का बसून, विहिरीत बुडून, रस्त्यावर उडवून मृत्यू झाला असेल, तर पोलिस पाटलाला कळवणं, पंचनामा आणि शवविच्छेदन हे तीन टप्पे झाल्याशिवाय मातीला हात लावू नये. ‘कशाला चिरफाड करायची’ म्हणत घाईनं दफन करणारे नातलग मायेपोटीच करतात. पण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून शेतकरी कुटुंबाला मिळू शकणारे २ लाख रुपये त्या घाईत बुडतात. मृत्यू अपघाती होता हे दाखवणारा कागदच मागे उरत नाही. दफनानंतर तो कागद तयार करायचा तर प्रेत उकरण्यापर्यंत वेळ जाते, आणि तसं कोणतंही घर करायला धजत नाही.

दुसरी चूक जागेची. मृत्यूची नोंद मयत जिथं झाली तिथं होते, राहत्या गावी होत नाही. कन्नड तालुक्यातला माणूस संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात गेला तर नोंद शहरात. केज तालुक्यातला ऊसतोडणारा कोल्हापूरकडच्या फडावर गेला तर नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत. सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारखान्यावर गेला तर दाखला कन्नड भाषेत लिहिलेला येणार. रात्रीतून गाडी करून प्रेत गावी आणलं जातं, आणि तीन महिन्यांनी लक्षात येतं की दाखला दोनशे किलोमीटरवर राहिला. प्रेत घ्यायला जाणाऱ्या दोघांपैकी एकानं गाडीजवळ थांबावं आणि दुसऱ्यानं नोंदणीचा अर्ज भरून पोच घेऊनच निघावं. नोंद २१ दिवसांच्या आत केली तर शुल्क लागत नाही. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरावं लागतं. त्यानंतर वर्षभरापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. रोजंदारीवरच्या बाईनं ही शेवटची पायरी चढायची म्हणजे किती खाडे, याचा हिशेब मंडळातल्या प्रत्येकाला करता येतो.

कॅथलिक परंपरेत मयतानंतर तिसऱ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधला सामूहिक प्रार्थनाविधी, करण्याची जुनी वहिवाट आहे. आमच्या लेखाचा गाभा या तीन दिवसांत आहे, कारण कायद्याच्या मुदती त्यांच्या आसपासच पडतात आणि घरची सगळी माणसं त्या दिवशी एकत्र बसलेली असतात. तिसऱ्या दिवशी फक्त पाहायचं आणि विचारायचं: आधार कुठं आहे, पासबुक कुठं आहे, दाखल्याची नोंद झाली का. त्या दिवशी अर्ज काढू नये, बाईला सुधरत नसतं. सातव्या दिवशी कागद मांडायचे. मयताचं आधार, बँकेची सगळी पासबुकं, सात-बारा असेल तर तो, रेशनकार्ड, बांधकाम कामगार म्हणून नोंदणी असेल तर त्याचं कार्ड आणि शेवटचं नूतनीकरण कधी झालं ते. मृत्यू दाखल्याच्या किमान पाच-सहा प्रती त्याच आठवड्यात घ्याव्यात, कारण बँक, तलाठी, तहसील, कृषी कार्यालय सगळे एकेक ठेवून घेतात. तिसाव्या दिवसापर्यंत अपघात योजनेचा प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जाऊन त्यावर आवक शिक्का पडलेला हवा, कारण अर्जाची मुदतच ३० दिवसांची आहे. महिन्याची मिस्सा झाल्यावर कागदाला हात घालू असं ठरवणारं घर नेमकं एका दिवसानं चुकतं.

वारसनोंदीला थोडी जास्त सवड आहे. जमिनीचा हक्क वारशानं आल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना सहा-क मध्ये वारस लिहितात, मग फेरफार धरला जातो, १५ दिवसांची नोटीस निघते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. इथं अडतं ते बहुतेक वेळा लेकींच्या नावावर. ‘त्या दिल्या घरी गेल्या’ म्हणून त्यांची नावं गाळली जातात आणि पुढे कोणाची तरी हरकत येऊन नोंद वर्षभर लोंबकळते. सगळे वारस पहिल्याच अर्जात लिहावेत. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुला-मुलींत सारखं, असा हा वाटा आहे. सगळ्यांना समान हिस्सा या नेहमीच्या सवयीनं नोंद होऊन गेली तर बाईचं नुकसान होतं, आणि ते तिला कोणी सांगत नाही.

सर्वांत नाजूक गाठ नावाची. चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याचं नाव असतं, आधारवर शाळेतलं, सात-बारावर आज्यानं लावलेलं, आणि मतदारयादीत आणखी चौथं. जोसेफ रखमाजी आणि यशवंत रखमाजी हे एकच आहेत हे गाव जाणतं, बँकेचं संगणक जाणत नाही. मृत्यू दाखल्यावर आधारवरचंच नाव जसंच्या तसं, त्याच स्पेलिंगनं जावं. चर्चचं नाव नोव्हेंबरच्या वाचनासाठी आहे. यामागे भीतीही आहे आणि ती खोटी नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, म्हणून कित्येक घरांत कागदावरचा धर्म आणि रविवारचा धर्म वेगवेगळा राहिलेला आहे. हा प्रश्न न्यायालयांत आणि आयोगांत गेला आहे. त्याचा निकाल मंडळानं विधवेच्या ओट्यावर बसून लावायचा नाही. कागद जसा आहे तसा वापरायचा, त्यात बदल सुचवायचा नाही, खोटंही काही लिहायला लावायचं नाही, आणि जे दिसलं ते पोटात ठेवायचं. विन्सेंट सोसायटीचा गुप्ततेचा नियम १८३३च्या पॅरिससाठी झाला असेल, पण त्याची सर्वाधिक गरज आपल्या तालुक्याच्या गावाला आहे.

आता पैशाचं. अनेक वस्त्यांत ‘मयत फंड’ चालतो. साठ घरांनी महिना वीस रुपये काढले तर वर्षाला १४,४०० रुपये जमतात. त्यात पेटी, कापड, गाडीचं भाडं, पाहुण्यांचा पहिल्या दिवसाचा स्वयंपाक कसाबसा निघतो. हा फंड मोडतो तो तीन कारणांनी. एकाच वर्षी तीन-चार मयती होतात; ऊसतोडीला गेलेली घरं सहा महिने पैसे देत नाहीत आणि परतल्यावर जुनी बाकी कोण मागणार; आणि रोकड एका माणसाच्या कपाटात असते. यावर साधा उपाय आहे. टोळी निघायच्या आधी, उचल हातात असताना, सहा महिन्यांचे १२० रुपये एकदम घ्यावेत. पैसे दोन सह्यांच्या बँक खात्यात ठेवावेत. आणि ‘मयतीला इतके हजार मिळतील’ असं लेखी वचन कोणालाही देऊ नये. ठरलेल्या रकमेची हमी दिली की तो विमा होतो, आणि विमा विकायला परवाना लागतो. फंड हा मदतीचा हात आहे, जेवढं जमलं तेवढं द्यायचं.

मोठ्या रकमेसाठी विमा सरकारी बँकेत आधीच आहे. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये, वय १८ ते ५०, मृत्यूनंतर वारसाला २ लाख. सुरक्षा विमा योजनेचा हप्ता २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्ही मिळून ४५६ रुपये. मॅकगिव्हनींना संघटना उभारून जे करावं लागलं, ते आज कोणत्याही जनधन खात्यावर होतं. मग अडतं कुठं? मे महिन्यात. या योजनांचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं आणि हप्ता मेच्या शेवटी खात्यातून आपोआप कापला जातो. नेमक्या त्याच दिवसांत मराठवाड्यातलं खातं रिकामं असतं: लग्नसराई संपलेली, बियाणं-खताची खरेदी चालू, ऊसतोडीची उचल फिटून हातात काही उरलेलं नाही. खात्यात ४५६ऐवजी ३१० रुपये असले की जीवनज्योतीचा विमा बंद पडतो, आणि घराला ते कळतं माणूस गेल्यावर. पुन्हा सुरू केला तर पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज मृत्यूला जीवनज्योतीचं संरक्षण नसतं. दोन वर्षं खातेदारानं व्यवहारच केला नसेल तर खातं निष्क्रिय होतं, मग केवायसी करायला बँकेच्या रांगेत उभं राहावं लागतं. दोन बँकांत दोनदा जीवनज्योती घेतली तरी दावा एकच मिळतो. वारसाचं नाव लग्नाआधी लिहिलेल्या आईचं असतं आणि ती माउली जाऊन दहा वर्षं झालेली असतात. पासबुक पाहिल्याशिवाय यातली एकही गोष्ट दिसत नाही. मंडळानं मे महिन्यात प्रत्येक घराचं पासबुक पाहणं हे नाताळच्या शंभर ब्लँकेटांपेक्षा मोठं दान आहे, असं आम्ही जबाबदारीनं म्हणतो.

ब्लँकेट नकोत असा याचा अर्थ नाही. परभणीत थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी आहेत, आणि पत्र्याच्या खोलीत ती थंडी अंगावर येते. पण वाटप बहुधा २० ते २५ डिसेंबरच्या दरम्यान होतं, तेव्हा सर्वांत गरजू कुटुंबं फडावरच्या कोप्यांत असतात, पालाखाली. त्यांना ब्लँकेट द्यायचं तर टोळी निघताना, दसरा-दिवाळीच्या सुमारास द्यावं. स्वस्तात मिळणारी, पुनर्वापराच्या धाग्याची पातळ ब्लँकेटं दोन धुण्यांत विरतात. शंभर पातळांपेक्षा चाळीस जाड घ्यावीत आणि ती खरंच कोणाला द्यायची ते घरी जाऊन ठरवावं. वाटपाच्या रांगेत विधवा शेवटी उभी असते किंवा येतच नाही, कारण फोटो निघतो. फोटो बंद केला की रांग बदलते.

कबरस्थानाबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण स्मरणाचा बहुतेक खर्च तिथं जातो आणि बराच वाया जातो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मयत होऊन दोन महिन्यांत बांधलेला ओटा पुढच्या पावसाळ्यात एका बाजूला खचतो आणि फरशी तडकते. किमान एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, बसलेली माती मुरूम टाकून पुन्हा भरावी, आणि मगच दगड बसवावा, तोही सबंध कबर झाकणाऱ्या फरशीऐवजी डोक्याशी एकच उभा. शहाबादी फरशीचे थर सुटतात, रंगानं लिहिलेली अक्षरं दोन पावसांत जातात. आपला काळा पाषाण आणि त्यावर कोरलेलं नाव पिढ्यांना पुरतं. साफसफाईची वेळही चुकते. ऑक्टोबरच्या शेवटी गाजरगवत उपटलं तर ते फुलून बी धरलेलं असतं. झटकताना तेच बी सगळ्या कबरींवर पेरलं जातं. पहिली उपटणी पोळ्याच्या सुमारास, ओल असताना, फुलायच्या आत, मुळासकट करावी. हातमोजे आणि तोंडाला फडकं असावंच, त्या गवतानं अंगाला खाज सुटते आणि दम लागतो. नोव्हेंबरात मग झाडू पुरतो. त्याआधी एक काम मात्र करून टाकावं: कबरस्थानाची जागा गावच्या दप्तरात कोणत्या गट क्रमांकात, कशासाठी नोंदलेली आहे ते पाहावं. गायरानात किंवा ओढ्याकाठी नुसत्या वहिवाटीनं पुरत आलेल्या जागेवर संगमरवर बसवण्याआधी तिची नोंद लावून घेण्याचा अर्ज द्यावा.

स्मारकाचा विषय निघाला की मराठवाड्याला किल्लारीचा भूकंप आठवतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारच्या सुमारास, माणसं मेली ती जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. दरवर्षी त्या तारखेला आदरांजली वाहिली जाते, ती वाहिलीच पाहिजे. पण ज्या घरात आज नुसत्या मातीत रचलेली दगडी भिंत सुटली आहे आणि वर माती थापलेलं छत आहे, त्या घराकडे त्याच आठवड्यात दोन माणसं गेली तर ते स्मरण पूर्ण होईल. फुगलेली भिंत ओळंब्यानं कळते, पावसाळ्यानंतर ती लगेच दिसते, आणि छतावरचा दरवर्षी चढवलेला मातीचा थर उतरवायला पैसा लागत नाही, चार जणांची दुपार लागते.

आणि एक गोष्ट चर्चच्या आतली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं, मजुराचं नाव नोव्हेंबरच्या यादीत अजूनही काही ठिकाणी हळू आवाजात येतं किंवा घरचेच देत नाहीत. १९१७च्या धर्मविधीसंहितेत आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३च्या संहितेत ती राहिली नाही. मनाचा तोल, भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते असं चर्चची शिकवण स्पष्ट सांगते. तेव्हा ते नाव इतरांइतक्याच ठळक आवाजात वाचलं जावं. त्या घराचं कागदाचं कामही अधिक अवघड असतं. सरकारी मदत १ लाखाची, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. आणि ती मिळायला नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांचा पुरावा जिल्हा समितीपुढे लागतो. कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. हातउसने आणि मुकादमाची उचल त्यात मोजली जात नाही, आणि आपल्या समाजातलं बहुतेक कर्ज नेमकं तेच असतं. जमीन नसलेल्या घराला तर ही मदत लागूच होत नाही. त्या घरासाठी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कमावता गेल्यास मिळणारे राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार आणि संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० एवढेच दरवाजे उरतात. निराधारसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. पाचशे रुपये रोजानं महिन्यातून चार दिवस काम मिळालं तरी माणूस त्या मर्यादेच्या बाहेर जातो. ही मर्यादा वाढवा अशी मागणी तहसीलसमोर करायला बंधुमंडळानं संकोचू नये. ओझानामनंही फक्त पाव वाटले नाहीत, गरिबीची कारणं काय हेही विचारलं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला बाहेरून येतो, की चर्चची सेवा म्हणजे धर्मांतराचं आमिष. त्याला वादानं उत्तर देऊन भागत नाही. कामाची रीतच अशी ठेवावी, की संशयाला जागा राहू नये. गल्लीतल्या मयताच्या घरी धर्म न विचारता जायचं, कागद करून द्यायचा, प्रार्थनेची अट घालायची नाही, मागितल्याशिवाय पुस्तक द्यायचं नाही. बौद्ध, मातंग, मुस्लिम, मराठा घरातली विधवा त्याच आवक खिडकीवर उभी असते. दुसरा आक्षेप आतून येतो: आम्ही भक्तीसाठी जमलो, दलाली करायला नाही. या भीतीत तथ्य आहे. तालुक्याच्या गावी कागदाचं काम करणारा माणूस दलाल व्हायला वेळ लागत नाही. म्हणून काही पथ्यं कडक हवीत. एकट्यानं जायचं नाही. मूळ कागद आपल्याकडे ठेवायचा नाही, झेरॉक्स घेऊन तिथंच परत करायचा. एटीएम कार्ड, ओटीपी, कोऱ्या कागदावरचा अंगठा यांना हात लावायचा नाही. बँकेत जमा झालेली रक्कम किती, हे विचारायचं नाही. चहाव्यतिरिक्त काही घ्यायचं नाही, देणगी तर नाहीच, किमान वर्षभर. आणि प्रत्येक अर्जाची पोच, तारीख आणि आवक क्रमांक वहीत लिहायचा, कारण शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज सरकारी दप्तरात दिलेलाच नसतो.

राहिली तारखेची अडचण. २ नोव्हेंबरला नावं वाचली जातात तेव्हा बीड, जालना, परभणीकडच्या कित्येक टोळ्या फडाकडे निघालेल्या असतात. ज्यांच्या घरचं नाव वाचलं जातं तेच ऐकायला नसतात. नोव्हेंबरचं स्मरण आहे तसं राहू द्यावं, पण मेच्या दुसऱ्या रविवारी, टोळ्या परतल्यावर, हीच यादी पुन्हा वाचावी आणि लोकांना येताना पासबुक आणायला सांगावं. मिस्सेनंतर आवारातल्या लिंबाखाली दोन टेबलं मांडावीत. एकावर वर्षातल्या मयतांच्या घरांचे अडकलेले अर्ज, दुसऱ्यावर सगळ्यांची पासबुकं: शेवटचा व्यवहार कधीचा, वारस कोण, शिल्लक ४५६च्या वर आहे का. ज्यांची नाही त्यांच्या खात्यात बैठकीच्या पिशवीतून आलेले पैसे टाकता येतात, आणि ज्यांचं खातं निष्क्रिय आहे त्यांना बँकेत नेऊन आणायला हप्ता कापला जाईपर्यंत दोन आठवडे हातात असतात.